‘धोटा’वाला अंबादास

अंबादासने मला आयुष्यात विचारलेला पहिला प्रश्न होता, “तुला कुणी पाठवलं?”

मला कुणीच पाठवलं नव्हतं. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर ‘ब्यांडसाठी गाणारे पाहिजे’ अशी चिठ्ठी लागली होती. खाली पत्ता होता, नाव नव्हतं. मी बार्शीहून शिकायला सोलापुरात आलेली, मावशीकडे राहत होते. मावशीला टायपिंगच्या क्लासची चौकशी करायला जाते असं सांगितलं आणि शोधत शोधत पूर्व भागातल्या एका गल्लीत, यंत्रमागाच्या छोट्या कारखान्यापाशी येऊन उभी राहिले. दार वीतभर उघडलं आणि फटीतून एक डोळा दिसला.

“कुणी न्हाय. बोर्डावर चिठ्ठी वाचली,” मी म्हणाले.

“चिठ्ठी तर मी सकाळीच काढली.”

“मी काल वाचली.”

“मग काल का न्हाय आलीस?”

काल मावशीकडे पाहुणे होते हे पटवून देण्यासाठी मला मावशीचं नाव, तिची गल्ली, पाहुण्यांचं गाव आणि ते कोणत्या गाडीने परत गेले एवढं सगळं सांगावं लागलं. मग कुठे दार उघडलं. आत आठ माग कापडं पांघरून बंद होते, कारण तो आठवड्याच्या सुट्टीचा वार होता. मधल्या मोकळ्या जागेत गिटार घेऊन प्रकाश नावाचा एक पोरगा आणि ड्रमच्या मागे युसुफ बसला होता. युसुफ हसून म्हणाला, “बस बस. मला तर यानं पंधरा दिवस दारातच हुबं केलतं.”

पुढच्या आठवड्यात अंबादासने मला सहज विचारलं, “त्या दिवशी तुमच्याकडं पाहुणे कुठले आलते म्हनालीस?” मी सांगितलं. उत्तर जुळलं म्हणून मी ब्यांडात राहिले. ही त्याची कायमची पद्धत होती. एकच प्रश्न तो आठ दिवसांनी पुन्हा विचारायचा आणि दोन्ही उत्तरं मनातल्या मनात शेजारी शेजारी ठेवून बघायचा. जुळली नाहीत तर डोळे बारीक करून म्हणायचा, “कुटंतरी पाणी मुरतंय.” हे वाक्य तो एका दुपारीत किती वेळा म्हणतो याच्यावर प्रकाश आणि युसुफ पैजा लावायचे.

दिसायला तो बुटका, सावळा, रुंद कपाळाचा. शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिन. कुठलाही कागद टाकायचा झाला तर चार तुकडे करून दोन एका खिशात आणि दोन दुसऱ्या खिशात ठेवणार आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांवर टाकणार. हॉटेलात पाठीला भिंत असेल त्याच खुर्चीवर बसणार. कुणी त्याचं कौतुक केलं की आभार मानण्याऐवजी त्या माणसाकडे टक लावून बघणार. “कौतुक करतोय म्हंजे काय तरी पायजे त्याला,” असं त्याचं ठाम मत होतं.

हा संशय त्याच्या घराण्यातच होता असं मला पुढे कळलं. त्याचे वडील चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे ठोकायचे. चादरीवरचा मोर किंवा फूल विणायचं तर मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबलचक माळ चढवावी लागते. पुठ्ठे ज्या क्रमाने फिरतात त्या क्रमाने नक्षी उमटते. वडिलांनी एकदा चार महिने खपून एक मोर काढला. पहिली चादर बाजारात गेली आणि आठच दिवसांत तोच मोर दुसऱ्या कारखान्याच्या चादरीवर नाचायला लागला. त्या दिवसापासून वडिलांनी कानाला खडा लावला. पुठ्ठ्यांवर नंबर घालायचे ते मुद्दाम चुकीचे, खरा क्रम फक्त डोक्यात. पुढे आणखी एकाने पुठ्ठे पळवले, तेव्हा त्याच्या चादरीवर मोराचे पाय मानेच्या वर आले. वडिलांनी त्यातली एक चादर मुद्दाम विकत आणली. अंबादासची आई, जिला आम्ही सगळे अम्मा म्हणायचो, ती चादर आल्यागेल्याला उलगडून दाखवायची आणि पोट धरून हसायची.

अंबादासने हीच तऱ्हा गाण्यांना लावली. गाणी तोच करायचा, चालीही त्याच्याच. गाणं तयार झालं की त्याचे तुकडे टाकाऊ पुठ्ठ्यांच्या मागे लिहायचा आणि त्यांवर भलतेच नंबर घालायचा. तालीम या नंबरांप्रमाणे व्हायची, म्हणजे आधी शेवट, मग मधलं कडवं, मग सुरुवात. खरा क्रम कार्यक्रमाच्या ऐन वेळी, तोही बोटांनी. बास गिटार वाजवता वाजवता तो उजवा हात वर करून दोन बोटं दाखवायचा, की आम्ही दोन नंबरच्या पुठ्ठ्यावर उडी मारायची.

“पण चोरणार कोण आपली गाणी?” मी एकदा न राहवून विचारलं.

“मोर कोण चोरणार असं आमच्या नानालाबी वाटत हुतं,” तो म्हणाला. वडिलांना तो नाना म्हणायचा.

ब्यांडचं नाव ‘धोटा’. मागावर इकडून तिकडे धावत सूत नेतो तो धोटा. नाव युसुफने सुचवलं, कारण त्याचा ठेका तसाच होता, खटक-खट, खटक-खट. तो त्याच गल्लीत वाढला होता, घरात दखनी, शाळेत मराठी आणि गल्लीत अंबादासच्या घरची तेलुगू बोलायचा.

हे सगळं नव्वदीच्या दशकातलं. प्रकाशच्या भावाच्या ओळखीत कुणीतरी बोटीवर नोकरीला होता. त्याने तीन कॅसेटी आणल्या होत्या. त्यांवर नावं नव्हती. गिटारी अशा वाजत होत्या की जणू कुणी पत्र्यावरून खुर्ची ओढतंय, आणि गाणारा माणूस आधी पुटपुटायचा आणि मग एकदम गळा फाडून ओरडायचा. आम्ही वेडे झालो. ते लोक कोण, कुठले, हे आम्हाला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. अंबादासचा तर दावा होता की नावं त्या बोटवाल्यानेच खोडली असणार. या प्रकाराला इंग्रजीत आल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात हे आम्हाला दोन वर्षांनी एका मासिकात वाचून कळलं, तेव्हाही तो खूश झाला नाही. “नाव ठेवलं म्हंजे कुणीतरी विकायला काढलंय,” म्हणाला.

पहिले सहा महिने आम्ही त्या कॅसेटींची नक्कल केली. शब्द कळत नव्हते, मी ऐकू येईल तसे आवाज काढत होते. आमचे इंग्रजीचे सर स्नेहसंमेलनात गाणं ऐकून जवळ आले आणि भाषा कोणती म्हणून विचारू लागले. त्या दिवशी अंबादास म्हणाला, “आता आपल्या भाषेत बोलू. निदान आपण काय बोलतोय ते आपल्याला तर कळंल.” तिथून ‘धोटा’ खरा सुरू झाला. चार दिवसांनी येणाऱ्या नळावर गाणं झालं. विडीच्या पानांच्या वासावर झालं. मराठी कडव्यात मध्येच एक ओळ तेलुगू यायची, युसुफ मागून दखनीत खेकसायचा. पोरं डोक्यावर घ्यायला लागली. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत एका मैदानावर आमच्यासमोर इतकी गर्दी झाली की पाळणेवाला भांडायला आला. मोहोळला एका सत्कार समारंभात आम्हाला भावगीतवाले समजून बोलावलं गेलं. पहिल्या गाण्याच्या पहिल्या झणक्याला सत्कारमूर्तींच्या हातातला नारळ खाली पडला. शेवटी तेच म्हातारे म्हणाले की पोरांनो, ते नळाचं पुन्हा म्हणा.

एक गंमत सांगायलाच हवी. एकदा अंबादासचं बोट मागात सापडलं आणि तर्जनीला हे मोठं बँडेज आलं. दोनच दिवसांनी इंजिनिअरिंग कॉलेजात कार्यक्रम होता. त्याने स्टेजवर हात वर केला. मला ती दोन बोटं वाटली, युसुफला तीन, आणि प्रकाशला वाटलं तो नमस्कार करतोय. तिघांनी तीन वेगवेगळे पुठ्ठे वाजवले. दोन मिनिटं जो काही गोंधळ झाला तो मी आजवर विसरले नाही. आणि टाळ्या अशा पडल्या की थांबेनात. एक प्राध्यापक येऊन म्हणाले की मधला तो प्रयोग फार धाडसी होता. अंबादास त्यांच्याकडे बघत राहिला. परतताना मला म्हणाला, “त्या सराला काय पायजे असंल गं?”

तालमीच्या वेळी तो बाहेरच्या खिडक्यांच्या फटीत सुताचा कचरा कोंबायचा. मग आम्हाला वाजवायला लावून स्वतः गल्लीत जाऊन उभा राहायचा आणि ऐकू येतंय का ते तपासायचा. कारखान्याला लागूनच त्याचं घर होतं, त्या घराकडचं दार मात्र सताड उघडं असायचं, कारण चहा तिकडून यायचा. त्या दारापलीकडे अम्मा मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. बोटं भराभर चालत असायची, ओठ हलत असायचे. ती काय म्हणते याकडे आमच्यापैकी कुणाचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका कॅसेट कंपनीच्या माणसाने आम्हाला ऐकलं आणि सहा गाणी घेऊन या म्हणून निरोप धाडला. पाच होती. सहावं अंबादास गेले कित्येक महिने घोटत होता, ‘भोंगा’ नावाचं. गिरणी बंद पडली, भोंगा वाजायचा थांबला, आता म्हातारा गिरणी कामगार सकाळी किती वाजता उठतो, असं ते गाणं होतं. आजही मला वाटतं की त्याच्या तोडीचं गाणं मी दुसरं गायले नाही. ते आम्ही बाहेर कुठेच वाजवलं नव्हतं. त्याचा खरा क्रम तर त्याने आम्हाला पुण्याला जायच्या जेमतेम पंधरा दिवस आधी सांगितला, तोही प्रत्येकाला वेगवेगळा बाजूला घेऊन.

आणि मी तुळशीच्या लग्नाला बार्शीला घरी गेले. दारात रांगोळी काढत होते. रस्त्याने कुणाची तरी वरात आली आणि पुढचा ब्यांड ‘भोंगा’ वाजवत होता.

पहिल्यांदा मला वाटलं भास होतोय. पण नाही. आधी पहिलं कडवं, मग तो खाली उतरणारा तुकडा, मग दुसरं, सगळं खऱ्या क्रमाने. क्लॅरिनेटवाला तर डोळे मिटून वाजवत होता. माझ्या हातातली रांगोळी तशीच राहिली.

मी दुसऱ्याच दिवशी सोलापूर गाठलं आणि अंबादासला सांगितलं. युसुफ आणि प्रकाश अजून यायचे होते. तो मागाला टेकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, “क्रम बरोबर हुता?”

“बरोबर होता.”

“म्हंजे चौघांतलाच कुणीतरी.” मग माझ्याकडे बघत राहिला. “बार्शीत पोचलं. बार्शीची तर तूच की.”

मी काही केलेलं नव्हतं. पण त्या डोळ्यांपुढे माणसाला स्वतःचीच शंका येत असे. आणि मी तोंड उघडलं. म्हणाले, “युसुफचे मामा बार्शीच्या ब्यांडात क्लॅरिनेट वाजवतात.”

एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण ते मी का सांगितलं हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. बोट माझ्यावरून दुसरीकडे वळावं म्हणून मी ते युसुफवर वळवलं.

थोड्या वेळाने युसुफ शीळ घालत आला. ड्रममागे बसला. अंबादास म्हणाला, “तुजे मामा काय वाजवतेत बे हल्ली?”

“क्लॅरिनेट. का बे?”

“भोंगा वाजवतेत.”

युसुफचे हात थांबले. नेमकी तेव्हाच अम्मा घराकडच्या दारातून चहाचे कप घेऊन आली. युसुफने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा अंबादासकडे. अम्माच्या हातून कप घेतला, सावकाश सगळा चहा प्याला, कप खाली ठेवला, काठ्या ड्रमवर आडव्या ठेवल्या आणि निघून गेला. चोरी पकडली गेली की माणूस असाच गप्प होतो, असं मी मनाला समजावलं. मला तसं समजणं सोयीचंही होतं.

ब्यांडवाल्यांनी ते गाणं कधीपासून वाजवायला घेतलं, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. कुणी दिलं एवढ्याच्याच मागे आम्ही होतो.

पुण्याला आम्ही गेलो नाही. ड्रमशिवाय जाणार कसे? अंबादासने पुढे ठेका देणारं एक यंत्र आणलं. “यंत्राला मामा नसतो,” म्हणाला. त्या यंत्राबरोबर आम्ही तीन कार्यक्रम केले. ठेका घड्याळासारखा बिनचूक पडत होता आणि ऐकणारे खुर्च्या सोडून उठत होते. प्रकाश पुण्याला नोकरीला गेला. माझं लग्न झालं, सासर सोलापुरातच मिळालं, शाळेत गणित शिकवायला लागले. ‘धोटा’ बंद पडला असं कुणी जाहीर केलं नाही. तालमीला एक माणूस आला नाही, मग दुसरा आला नाही, एवढंच झालं.

अंबादास पुढे एका टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्ष्या काढायला लागला. तिथले पासवर्ड तो कागदावर लिहून ठेवायचा, पण चुकीचे, आणि खरा कसा काढायचा ते फक्त त्याला माहीत. रजेवर गेला की सगळा कारखाना त्याला फोन करायचा. लग्न त्याने केलं नाही. स्थळं आली, पण प्रत्येक मुलीच्या बापाला त्याने आठ दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले.

वर्षातून एक-दोनदा मी त्यांच्याकडे जायचे. अम्मा थकली होती, पण प्रत्येक वेळी विचारायचीच. “युसुफ येईना झालाय गं. आजारी हाय का?” अंबादास दुसरीकडे बघत म्हणायचा, “कामात असतोय, अम्मा.”

युसुफने विजापूर वेशीकडे कुकर आणि गॅस शेगड्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. माझ्या घरापासून जवळच. माझा कुकर मात्र मी पार तीन चौक पलीकडे दुरुस्तीला नेत असे. नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा तो पलीकडचा चांगलं काम करतो असं सांगितलं. युसुफशी कधी रस्त्यात गाठ पडली तर तो हसायचा, मीही हसायचे, आणि पुढे दोन दिवस ते हसू मी उलटून पालटून बघत राहायचे. त्याला माहीत तर नसेल? पण कसं असेल? बोलताना आम्ही दोघंच तर होतो.

गेल्या वर्षी अम्मा अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेले, उशाशी बसले. ती डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होती. आवाज अगदी बारीक, पण सूर पक्का. दोन ओळींत मी ओळखलं. ‘भोंगा’. पहिलं कडवं, तो खाली उतरणारा तुकडा, दुसरं कडवं. एकही जागा न चुकता, खऱ्या क्रमाने.

“अम्मा, हे तुम्हाला सगळं येतं?”

“न यायला काय झालं? हा आंगोळीला बसला की सगळं म्हनत हुता की, पयल्यापासून शेवटापत्तूर.” ती हसली. “बार्शीला माझ्या बहिनीच्या पोरीच्या हळदीला मी म्हनले. पोरी लई नाचल्या. तितं एक ब्यांडवाला हुता बग, पिपाणीवाला. पुन्ना म्हना म्हनला. पुन्ना म्हनले.”

“कधी?”

“उन्हाळ्यात गं. वैशाखात. तुमी समदी पोरं येत हुता ना आपल्याकडं, तवा.”

वैशाखात. आम्हाला क्रम कळायच्या सहा महिने आधी. मी मान वर केली. अंबादास दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि संशयी माणसाच्या सहवासात मी एवढं तरी शिकले होते की नसलेलं आश्चर्य लगेच ओळखावं. मी त्याला अंगणात ओढत नेलं.

“तुला माहीत होतं.”

त्याने मागे वळून घराचं दार लोटून घेतलं.

“कधीपासून?”

“तू बार्शीहून आलीस त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. मावसबहीण आलती. बोलता बोलता बोलली.”

“आणि तू युसुफला सांगितलं नाहीस? त्याला चोर ठरवून बसलास एवढी वर्षं?”

“सांगितलं असतं तर तो परत आला असता. आला असता की अम्मानं इचारलं असतं, का गेलतास? मग कळलं असतं तिला की तिच्या गाण्यानं सगळं मोडलं.” तो भिंतीकडे बघत होता. “ती परत कदी गायली नसती गं. तेवढंच हाय तिला.”

मला त्याचा भयंकर राग आला. मी त्याला भित्रा म्हणाले, आणखीही बरंच काही म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. ‘पण मामाचं नाव तर तू घेतलंस’ एवढं एक वाक्य त्याने म्हणायचा अवकाश होता आणि मी तिथल्या तिथे गप्प झाले असते. मी त्या वाक्याची वाटच बघत होते. त्याने ते म्हटलं नाही.

श्रावणात अम्मा गेली. तेराव्यानंतर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. “उद्या येतीस का? युसुफकडं जायचंय.”

“मी कशाला?”

“साक्षीदार पायजे.”

मला लगेच वाटलं, हा मला तिथे नेऊन माझं नाव घेणार. जाऊ नये असं रात्रभर मनात येत राहिलं. पण न गेले तर माझ्या माघारी घेईल असंही वाटलं, म्हणून गेले.

अकराच्या सुमाराला ऊन चांगलं तापलं होतं. युसुफ पिकलेली दाढी, नाकावर चष्मा, हातात कुकरचं झाकण अशा थाटात बसला होता. एक बाई शेगडी घेऊन उभ्या होत्या. त्या जाईपर्यंत अंबादास पायरीखालीच थांबला. नुकतंच केस काढलेलं डोकं उन्हात चमकत होतं. बाई गेल्या तसा त्याने कसलीही प्रस्तावना केली नाही.

“भोंगा अम्मानं दिलतं. तू न्हाईस.”

युसुफने झाकणाचा स्क्रू पूर्ण पिळला. मग चष्मा काढला.

“मालूम था मेरेकू.”

“कवापासनं?”

“पैलेसेच. मामू तभीच बोले थे, तेरे दोस्त की अम्मा क्या गाती रे.”

अंबादासचे डोळे बारीक झाले. मी कपाळाला हात लावला, कारण पुढे काय येणार ते मला कळलं.

“मग त्या दिवशी बोलला का न्हाईस बे? काय हेतू हुता तुजा?”

युसुफ हसला नाही. “तू उस दिन कैसा दिख रहा था मालूम है तेरेकू? और अम्मा चाय लेके सामने खडी थी. मैं उनका नाम लेता क्या, उनके सामने?”

अंबादास तिथेच उभा होता. मी इतकी वर्षं त्याला ओळखत होते, पण त्याला काही विचारायला उरलं नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. तो पायरी चढून आत गेला, युसुफच्या अगदी जवळ, आणि तेलुगूत काहीतरी बोलला. पाच-सहा शब्द असतील. आवाज फुटत होता. मला तेलुगू येत नाही. युसुफने ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच भाषेत एकच शब्द उत्तर दिला. मग दोघंही रडले. दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष भर रस्त्याकडेला कुकरांच्या ढिगात उभे राहून रडत होते आणि मी शेगडीचे बर्नर बघत उभी होते.

युसुफनेच रिक्षा थांबवली. अंबादास आत बसायच्या आधी वाकून ड्रायव्हरला विचारत होता की कुठल्या रस्त्याने नेणार आणि त्याच रस्त्याने का. मग बसला. मागच्या फटीतून त्याचं ते तुळतुळीत डोकं चौकापर्यंत दिसत होतं. मी त्याला पाहिलं ते शेवटचंच. कार्तिकात तो गेला. छातीत दुखतंय हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं.

पण त्या दिवशी रिक्षा वळल्यावर मी युसुफकडे आले. अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तेलुगूत काय म्हणाला रे तो?”

युसुफने चष्मा लावला, पुढचा कुकर ओढून घेतला आणि त्याचं झाकण उघडता उघडता म्हणाला, “काळजी करू नको, शैला. तुजं नाव नव्हतं त्यात.”